उंची कुठून मोजायची?



 

इमारतींच्या उंचीची मर्यादा ही पुण्या-मुंबईची भानगड. पवन मावळातल्या या तिकोणा पेठेत, किल्ल्याच्या पायथ्याशी, तिचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. इथे कुठे टॉवर आहेत? नाहीत, म्हणूनच मी हा विषय घेतला. उंचीचा नियम उशिरा आला किंवा उशिरा बजावला गेला की त्याची दंडाची पावती होते. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत परवानगी पाच मजल्यांची होती. इमारती चढत गेल्या त्या १९८०च्या दशकात आणि वरचे मजले पाडण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला २०१३ साली. तोवर तिथे जन्मलेली मुलं नोकरीला लागली होती. पेठेत अजून ती वेळ आलेली नाही. पण पवनेच्या पाण्याभोवती उतार कापून बंगले बसताहेत, त्यांच्या जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ आणि ‘फोर्ट व्ह्यू’ असे शब्द येताहेत. आपल्याला किल्ला दिसावा म्हणून माणूस घर उंचावर बांधतो आणि त्याचं घर किल्ल्यावरून सगळ्यांना दिसत राहतं. हा व्यवहार एकतर्फी आहे.

नगररचनेच्या कामात माझं आयुष्य गेलं. नकाशे तपासताना सर्वांत जास्त वाद मी ऐकले ते ‘उंची किती’ यावर. ‘उंची कुठून मोजायची’ हा प्रश्न मात्र कोणी विचारत नसे, कारण त्याचं उत्तर व्याख्येत छापलेलं होतं. आज त्या व्याख्येवर थोडा वेळ थांबू.

आपल्याकडच्या नियमांत इमारतीची उंची मोजतात ती तिच्याभोवतीच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून. सपाट छत असेल तर गच्चीपर्यंत. उतरतं छप्पर असेल तर भिंत छपराला जिथे मिळते तिथपर्यंत. गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, लिफ्टची खोली, ठरावीक उंचीचा कठडा हे मोजमापात धरत नाहीत. सपाट जमिनीवर ही व्याख्या चोख आहे, हडपसरला तिने कुणाचं काही बिघडत नाही.

आता तीच व्याख्या घेऊन तिकोण्याच्या उतारावर या. समजा, उतार १:५चा आहे, म्हणजे पाच मीटर चाललं की एक मीटर उतरायचं. इमारत उताराच्या दिशेने वीस मीटर खोल आहे. मग तिच्या वरच्या आणि खालच्या कडेत चार मीटरचा फरक पडला, म्हणजे मजल्यापेक्षा थोडा जास्तच. सरासरी पातळी धरली मधली. नकाशावर उंची लिहिली दहा मीटर. खालच्या अंगाने, म्हणजे धरणाच्या बाजूने, तीच इमारत बारा मीटर दिसते. तिच्यावर टाकी आणि जिन्याची खोली, आणखी तीन मीटर. शिवाय उतार धरून ठेवायला खाली दगडी किंवा काँक्रीटची भिंत घातली असेल तर तिचे चार मीटर वेगळे. ती इमारतीचा भाग नव्हे, म्हणून तीही मोजायची नाही. कागदावर दहा आणि डोळ्यांना एकोणीस. यात कुठेही खोटेपणा नाही, सगळं नियमाला धरून. मी अशा नकाशांवर सह्या केल्या आहेत आणि नियमात बसत असताना सही नाकारण्याचा मला अधिकारही नव्हता.

आणि १:५हून तीव्र उतारावर बांधकाम करूच नये, हे तत्त्व पुणे विभागातल्या आराखड्यांत जुनं आहे. ते कसं चुकवतात हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आधी जेसीबी येतो, मागून मोजणी येते. उतार कापून टप्पा केला की टप्पा सपाटच असतो. त्याची मोजणी केली तर उतार शून्य. मूळ उतार शोधायला जावं तर हाताशी असतो सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा. त्यात समोच्चरेषा वीस मीटरच्या अंतराने असतात. १:५ उतारावर दोन रेषांमध्ये जमिनीवर शंभर मीटर अंतर पडतं. चाळीस मीटरचा प्लॉट त्या दोन रेषांच्या मधे आरामात झोपतो. त्यातून एकही रेषा जात नाही. नकाशा पाहणाऱ्याला तिथे ना डोंगर दिसतो ना दरी. म्हणून जमीन कापण्याआधीची पातळी सरकारने एकदा ड्रोनने किंवा लायडरने मोजून कायमची नोंदवून ठेवली, तर निम्मे तंटे तिथेच मिटतील. तंत्र उपलब्ध आहे, गावठाणांची ड्रोन मोजणी स्वामित्व योजनेत झालीच आहे. गावठाणाच्या बाहेर, खरी गरज आहे त्या उतारांवर, ती झाली पाहिजे.

उंचीचे नियम आले कुठून, हेही थोडं पाहू. शनिवारवाड्याची ती प्रसिद्ध आख्यायिका तुम्ही ऐकली असेल: पेशव्यांनी दगडी वाडा बांधायला घेतला, साताऱ्याहून शाहू महाराजांचा निरोप आला की सगळा वाडा दगडात बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून खाली दगड आणि वर विटा. खरी असो नसो, गोष्टीत एक नगररचनाकार लपलेला आहे: किती आणि कशाने बांधायचं, हे मानापमानावर ठरत होतं. पुढे औद्योगिक शहरांत प्रश्न बदलला. गल्ल्या अरुंद, घरं उंच, खालच्या खोल्यांत ऊन नाही, वारा नाही, क्षयरोग. मुंबई इलाख्याचा १९१५चा नगररचना कायदा हा देशातला या विषयाचा पहिला कायदा. तो त्याच चिंतेच्या काळातला. वॉशिंग्टनमध्ये १९१०च्या कायद्याने इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीशी बांधली: रस्ता जितका रुंद त्यात वीस फूट मिळवा, त्यावर जायचं नाही, आणि त्यावरही एक कमाल मर्यादा. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेलं सूत्र याच कुळातलं: रस्त्याची रुंदी अधिक समोर सोडलेली जागा, त्याची दीडपट.

हे सूत्र समोरासमोरच्या घरांसाठी जन्मलं. तुमची सावली समोरच्याच्या खिडकीवर पडू नये, एवढंच त्याच्या पोटात आहे. पेठेत रस्त्याच्या एका अंगाला डोंगर आहे आणि दुसऱ्या अंगाला शेतं उतरत धरणाकडे जातात. समोर घरच नाही. सहा मीटरचा रस्ता, तीन मीटर सोडलेली जागा, दीडपट केली की साडेतेरा मीटर. गणित बरोबर आणि प्रश्न दुसऱ्याच गावचा.

२ डिसेंबर २०२० रोजी राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. पूर्वी शहरागणिक वेगळे नियम होते. ते गोळा करून एक पुस्तक झालं. सोय झाली, हे मान्य करायला हवं. पण पहिल्याच पानांवर अपवादांची यादी आहे: मुंबई महापालिका, एमआयडीसी, नवी मुंबई विमानतळाभोवतीचं ‘नैना’ क्षेत्र, गिरिस्थान नगरपरिषदा, केंद्राने जाहीर केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रं आणि लोणावळा नगरपरिषद. लोणावळ्याचं नाव तिथे स्वतंत्रपणे, नावानिशी आहे. लोणावळ्याचा डोंगर वेगळा आहे, तिथे सरसकट नियम लावून चालणार नाही, हे सरकारनेच कबूल केलं. मग त्याच डोंगररांगेत, तेवढाच पाऊस अंगावर घेणाऱ्या पवन मावळाचं काय? नगरपरिषदेची हद्द संपली की डोंगराचा स्वभाव बदलत नाही. नियमावलीत प्रादेशिक आराखड्याच्या क्षेत्रासाठी वेगळी प्रकरणं आहेत, पण उंची मोजायची व्याख्या सर्वांना तीच, हडपसरवाली.

मुद्दा आराखड्यांचाही आहे. पुणे विभागाचा प्रादेशिक आराखडा १९९७ साली मंजूर झाला. तेव्हा द्रुतगती मार्गही झालेला नव्हता, शनिवार-रविवारचे बंगले ही मूठभरांची चैन होती. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, आलं, २०२१ साली त्याचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, हरकतींचा पाऊस पडला, आणि २०२५ साली तो प्रारूप रद्द झाला. आपण पुन्हा जुन्याच कागदावर. याला काही जण दैवदुर्विलास म्हणतात. मला ही संधी वाटते. पुढचा आराखडा येईल तेव्हा तो कोरा नसेल, कुणीतरी तो भरून आणेल. भरण्याआधी गावाने काही मांडलेलं असेल तर त्याची दखल घ्यावी लागते.

आता किल्ल्याकडे वळू. पुरंदरच्या तहात १६६५ साली जे तेवीस किल्ले मुघलांना द्यावे लागले त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोणा हे चारही होते. एकट्या किल्ल्याला इथे फारसा अर्थ नव्हता. साडेतीन हजार फुटांवरच्या तिकोण्याच्या बालेकिल्ल्यावर, त्र्यंबकेश्वराच्या देवळापाशी उभं राहिलं की तुंग दिसतो, लोहगड दिसतो, विसापूर दिसतो. घाटाने कोण चढून येतंय, मावळात कोण उतरतंय, हे एकमेकांना कळवता यावं यासाठी या जागा निवडल्या गेल्या. किल्ल्याची तटबंदी दगडाची आहे आणि तिच्याइतकंच महत्त्वाचं आहे ते दोन किल्ल्यांमधलं मोकळं अंतर.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात लोहगड आहे, तिकोणा नाही. त्याबद्दल हळहळण्यापेक्षा नावातल्या ‘भूप्रदेश’कडे बघा. जगाने एकेका बुरुजाला मानलं नाही, साऱ्या रचनेला मानलं. आणि अशा मान्यतेची राखण किती कडक असते याची उदाहरणं ताजी आहेत. जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलसमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर उंच इमारतींचा बेत झाला, तेव्हा २००४ साली ते स्थळ धोक्यातल्या यादीत गेलं. उंचीला आवर घातल्यावर २००६ साली बाहेर आलं. व्हिएन्नाचं जुनं शहर एका उंच इमारतीच्या प्रकल्पापायी २०१७ साली त्याच यादीत गेलं. लिव्हरपूलचं नाव तर २०२१ साली मुख्य यादीतूनच काढून टाकलं. कोलोनमध्ये कुणी चर्चचा दगड हलवला नव्हता. नदीपलीकडून दिसणारं दृश्य बिघडणार होतं, तेवढं पुरेसं ठरलं.

आपला पुरातत्त्व कायदा वेगळ्या तऱ्हेने विचार करतो. १९५८च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली: केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर पूर्ण मनाई, त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण. ही मापं जमिनीवर आडवी टाकायची. पुण्यात शनिवारवाड्याभोवती त्याचा परिणाम काय झाला? शंभर मीटरच्या आतल्या मोडकळीला आलेल्या वाड्यांत राहणाऱ्यांना नवं घर बांधता येईना. ज्या गल्लीतून शनिवारवाडा दिसतही नाही, तिथलीही माणसं अडकली. आणि डोंगरी किल्ल्यावर? माचीच्या कडेपासून शंभर मीटर गेलं की कडा तुटतो, खाली जंगल लागतं. नियम हवेत संपतो. किलोमीटरभर खाली, गडावरून थेट नजरेत भरणाऱ्या टेकाडावर जे उभं राहतं त्याला हा कायदा शिवतही नाही. शहरात जिथे जाच नको तिथे जाच आणि मावळात जिथे हवा तिथे मोकळीक.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदाही असाच. कस्तुरीरंगन समितीच्या २०१३च्या अहवालानंतर २०१४पासून केंद्र सरकार मसुदा काढतंय. ३१ जुलै २०२४चा सहावा. त्यात वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या नव्या बांधकाम प्रकल्पांना मनाई सुचवली आहे. चांगलंच आहे. पण चार हजार चौरस फुटांचा बंगला या चाळणीतून सहज गळतो, आणि असे पन्नास बंगले पन्नास मालकांनी बांधले तर तेही गळतात. त्या मानाने महाबळेश्वर-पाचगणीची २००१ची आणि माथेरानची २००३ची अधिसूचना जमिनीला धरून आहे. वीस अंश किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, असं तिथे स्पष्ट आहे. उतार हा शब्द आला की नियम डोंगराचा होतो.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग सरसकट तळमजला अधिक एक करून टाका, प्रश्न मिटला. पाहुणे मंडळींच्या तोंडून मी हे अनेकदा ऐकतो आणि दर वेळी मला राग येतो.

पाच एकर जमीन असलेल्याला दोन मजल्यांची मर्यादा काहीही अडवत नाही. तो आडवा पसरतो, तलाव करतो, लॉन करतो, गाड्यांना छप्पर करतो. गावठाणात एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट जागा ज्याच्या वाट्याला आली, त्याचं काय? पुढचं अंगण, गोठा नाहीतर मोटरसायकलची जागा सोडून सहाशे चौरस फुटांवर घर. दोन भाऊ, दोन संसार, आईवडील, शिकायला बसलेली पोरं. याला वाढायला एकच दिशा उरते, वर. सरसकट उंचीची मर्यादा ही लहान प्लॉटवरची पट्टी आहे आणि ती भरतो गाववाला. पवना खोऱ्यात तर हे जास्तच झोंबणारं आहे. धरण झालं, जमिनी पाण्याखाली गेल्या, पाणी पिंपरी-चिंचवडला गेलं, आणि ते पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरोधात ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ रस्त्यावर उतरलेल्यांतली तीन माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. ज्या खोऱ्याच्या वाट्याला हे आलं, त्याला ‘निसर्ग वाचवण्यासाठी तुमचा तिसरा मजला नको’ असं कुणी पुण्याहून सांगू लागला तर लोक त्याला दारात उभं करणार नाहीत, आणि करूही नये.

माझं म्हणणं असं की मजले मोजणं सोडून द्यावं. गावठाणात, डोंगराच्या कुशीत, मागे झाडी असलेल्या खोलगट जागी तळमजला अधिक दोन झाले तरी लोहगडाच्या विंचूकाटा माचीवरून ते उठून दिसत नाहीत. मागचा उतार त्यांना पोटात घेतो. उलट सोंडेच्या धारेवर बांधलेला एकमजली, पांढरा, काचेचा बंगला लोहगड, तुंग, तिकोणा या तिन्ही किल्ल्यांवरून दिसतो आणि रात्री दिवे लागले की जास्तच. तेव्हा नियम हवा तो धारेचा: ठरवून दिलेल्या जागांवरून पाहिलं असता कोणत्याही बांधकामाचा माथा, टाकीसकट, मागच्या डोंगराच्या धारेला छेदून आकाशात जाता कामा नये. गावठाण मोकळं, धार बंद, मधल्या उतारावर खालच्या कडेपासून उंची मोजायची, सरासरी नको.

हे स्वप्नरंजन नव्हे. लंडनमध्ये १९३०च्या दशकापासून सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटासाठी असाच नियम आहे: शहरातल्या ठरलेल्या जागांवरून घुमट दिसलाच पाहिजे, आणि त्या रेषेत येणाऱ्या प्रत्येक प्लॉटला वेगळी उंची. बाली बेटावर पंधरा मीटरची मर्यादा आहे, साधारण नारळाच्या झाडाएवढी. दहा मजल्यांचं एक हॉटेल समुद्रकाठी उभं राहिल्यावर लोकांना ते सुचलं.

पण मला सगळ्यात आवडते ती स्वित्झर्लंडची रीत. तिथे घर बांधायची परवानगी मागितली की होणाऱ्या घराच्या कोपऱ्यांवर छपराच्या उंचीचे खांब रोवावे लागतात आणि वरची कड दाखवायला त्यांना आडव्या पट्ट्या. हरकतींची मुदत संपेपर्यंत ते खांब तसेच उभे. ज्याला नकाशा वाचता येत नाही त्यालाही, रस्त्याने जाताना, काय होणार ते कळतं. आपल्याकडे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत सूचना येते, सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांच्या जंजाळात, आणि मुदत संपल्यावर गावात कळतं.

ही रीत पेठेत आणायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ग्रामसभेने सुरुवात स्वतःच्या कामापासून करावी. गडाच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी पुढची जी सार्वजनिक इमारत होईल, मग ती पार्किंगची असो की स्वच्छतागृहाची, तिच्या चार कोपऱ्यांवर आधी चार बांबू उभे करा. बांबूची उंची गच्चीपर्यंत नको, टाकीच्या माथ्यापर्यंत हवी. टोकाला लाल फडकं बांधा आणि माथ्यावरून सुतळी ताणा. खालच्या कोपऱ्यावरचा बांबू जमिनीच्या मूळ पातळीवरून मोजा, भरावावरून नको. मग चार पोरं विंचूकाट्यावर, चार बालेकिल्ल्यावर, चार तुंगावर पाठवा. फोटो झूम न करता काढा, झूमने सगळंच जवळ येतं आणि अधिकारी तेवढ्यावर फोटो बाद करतो. प्रत्येक फोटोखाली जागा, तारीख, वेळ आणि गट नंबर लिहा. धारेच्या वर सुतळी दिसली तर इमारत खाली सरकवा किंवा एक मजला कमी करा. ते फोटो आणि ठराव फायलीत जपून ठेवा. नवा आराखडा येईल तेव्हा खासगी बांधकामांसाठी हीच अट मागताना गावाने ती आधी स्वतःला लावून घेतली होती, याचा पुरावा हातात असेल. आराखड्यावरची हरकत दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.